चोर आहे होय?

फाउंटनच्या फुटपाथवर बॅटमनच्या गोष्टींतल्या कॅटवुमनचं जुनं कॉमिक मिळालं. सीएसएमटीहून स्लो लोकल, लेडीज डबा, आणि खिडकी! (आजची खरी कमाई हीच.) १९४० साली ही बाई पहिल्यांदा आली तेव्हा मांजराचा पोशाखच नव्हता. नाव नुसतं 'द कॅट', म्हातारीचं सोंग घेऊन बोटीवर हार चोरायला आलेली. पोशाख नंतरचा. माझ्या अंकात गॉथम शहराचे पुढारी, पोलीस, गुंड सगळे एका ताटात जेवणारे, आणि ही त्यांच्याच तिजोऱ्यांवर टपलेली. कुर्ल्याला शेजारच्या काकू मटार सोलता सोलता पानावर वाकल्या.

"कोण गं ही?"

"चोर आहे, काकू."

"होय? तोंड तरी झाकलंय बिचारीनं."

आणि शेंगेची सालं पिशवीत टाकत राहिल्या.