जुन्या ८०० चा पत्रा आणि परवडणारा डाय ग्राइंडर : माझा अनुभव

गाडी २००३ ची मारुती ८००. पासिंग पुढच्या पाच वर्षांसाठी करून घेतलंय, इंजिनला काही रोग नाही, पण खालचा पत्रा गंजाने पार खाल्लेला. ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, मागच्या चाकाच्या आर्चची कड आणि दाराखालची पट्टी. डेंटिंगवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मित्राचा मिग वेल्डर (तार आपोआप पुढे सरकणारं वेल्डिंग मशीन) उचलून आणला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच कामाला लागलो. कापाकापी आणि सपाट जागेवरचं वेल्डिंग घासणं चार इंची ग्राइंडरने आरामात होतं, त्यात काही प्रश्न नाही. प्रश्न येतो कोपऱ्यात. आर्चच्या आतली घडी, सीटबेल्टच्या बोल्टभोवतीची जागा, पट्टीच्या आतले वेल्डिंगचे टाके, इथे चार इंची चाक शिरतच नाही आणि जबरदस्तीने शिरवलं तर शेजारचा चांगला पत्रा खातं. इथे लागतो डाय ग्राइंडर, म्हणजे पुढे बर (दातेरी टोकाची छोटी दांडी) जोरात फिरवणारं लांबट मशीन.

पहिला सल्ला सगळे देतात तो म्हणजे ड्रिल मशीनलाच बर लाव ना. लावून बघितलं. घरगुती ड्रिल फिरतं जास्तीत जास्त २८००-३००० आरपीएमने आणि कार्बाईड बरला लागतो वीस हजाराच्या आसपास वेग. कमी वेगात बरचे दात कापत नाहीत, अडकून उड्या मारतात, आणि ड्रिलचा चक (बिट पकडणारा जबडा) बाजूच्या दाबासाठी बनवलेलाच नसतो, तो सरळ दाबासाठी. एखादं भोक जरा मोठं करायला चालेल, वेल्डिंग उतरवायला नाही.

मग एअर ग्राइंडर. दिसायला सगळ्यात स्वस्त हाच, हजार-दीड हजारात छान हातात मावणारा मिळतो, गरम होत नाही, वजन काहीच नाही, गॅरेजमध्ये सगळीकडे हाच दिसतो. पण तो हवेवर चालतो आणि हवा फुकट नसते! खोक्यावर लिहिलेलं असतं ४ सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा), तो आकडा थांबत थांबत वापरण्याचा असतो, सलग ट्रिगर दाबून धरला तर त्याच्या कितीतरी पट हवा ओढतो. आणि कॉम्प्रेसर ९० पीएसआय दाबाला एका एचपीमागे देणार तीन-चार सीएफएम. ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे एक एचपीचा, २४ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आहे, त्याच्यावर लावून बघितला तर वीसेक सेकंदात प्रेशर पडलं आणि मग नुसतं टाकी भरायची वाट बघत बसायचं. ज्याच्याकडे आधीच मोठा कॉम्प्रेसर आहे त्याने डोळे झाकून एअर घ्यावा. नसेल तर हजाराच्या ग्राइंडरमागे पंधरा-वीस हजाराचा कॉम्प्रेसर येतो, शिवाय त्याचा आवाज ऐकून सेक्रेटरी खाली येतात ते वेगळंच.

ती पेनासारखी छोटी रोटरी मशीनंही बघितली, १३०-१७० वॅटची. ३ मिमीचा शँक (म्हणजे बरची दांडी), कोरीवकामाला उत्तम. वेल्डिंगचा जाड थर मात्र तिच्याने लवकर उतरत नाही, जरा दाबलं की मोटर रडते.

तर इलेक्ट्रिक स्ट्रेट ग्राइंडर, म्हणजे विजेवरचा डाय ग्राइंडर घ्यायचा हे ठरलं, आणि गेलो बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात. पुण्यात राहून टूल ऑनलाइन मागवणं मला पटत नाही, हातात धरून बघायला मिळतं ते महत्त्वाचं. काउंटरवरचे काका म्हणाले, "कशासाठी पाहिजे ते आधी सांगा, किंमत नंतर बघू." गाडीचा पत्रा म्हटल्यावर त्यांनी तीन ठेवले समोर. एक मकिताचा जीडी०६००, ४०० वॅट, २५००० आरपीएम. मशीन सुंदर, पण माझ्या बजेटच्या दुप्पट. दुसरा एकदम स्वस्त, मानेजवळ बोटाने हलवला तर स्पिंडल (फिरणारा दांडा) हलत होता, तो तिथेच बाद. तिसरा मधला, चारशे वॅटचाच, साधा देशी ब्रँड, वर स्पीडचा डायल. किंमत साधारण तीन हजार. हाच घेतला, पण आधी काकांना म्हटलं, "काका, एक सरळ सहा एमएमची दांडी लावून चालू करून दाखवा." त्यांनी तक्रार न करता लावली, फिरताना दांडीचं टोक धूसर दिसलं नाही, हाताला झिणझिण्या आल्या नाहीत, आणि मागच्या जाळीतून कार्बनजवळ (मोटरला वीज पोचवणारे ब्रश) निळसर बारीक ठिणगी, बास. तिथे मोठा पिवळा जाळ दिसला असता तर ठेवून आलो असतो.

वॅट किती यावर लोक फार भांडतात, पण मी तिथे उभा राहून तपासल्या त्या गोष्टी वेगळ्याच होत्या. मान बारीक आहे का, कारण काम करताना धरायचं मानेलाच. कोलेट (बरची दांडी पकडणारी चिमटी) आणि कार्बन सुटे मिळतात का (काकांनी दोन्ही ड्रॉवरमधून काढून दाखवले, तिथेच निम्मा निर्णय झाला). आणि स्पीड कमी करता येतो का. हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण २५ हजारावर फक्त छोटा बर चालवायचा, फ्लॅप व्हील किंवा मोठा दगड त्या वेगाला फुटू शकतो. प्रत्येकाच्या पाकिटावर कमाल आरपीएम छापलेला असतो, तो वाचूनच लावायचा. एक जण म्हणाला फिक्स स्पीडचा घे आणि मध्ये पंख्याचा रेग्युलेटर टाक. अरे बाबा, पंखा ७५ वॅटचा, हा चारशेचा, पावणेदोन अँपिअर ओढणार, रेग्युलेटर जळेल नाहीतर काय!

आता बर. खरा खर्च इथे आहे आणि हे कोणी आधी सांगत नाही. मशीनला तीन हजार आणि बरला दोनशे असं करून चालत नाही. ऑनलाइन दहा बरचा सेट फार स्वस्तात दिसतो, पण त्यातल्या बऱ्याच सेटवर शँक १/४ इंच म्हणजे ६.३५ मिमी असतो. आपल्याकडच्या मशीनला कोलेट असतो ६ मिमीचा. ६.३५ त्यात जातच नाही, आणि उलट ६ चा बर ६.३५ च्या कोलेटमध्ये टाकून कितीही आवळला तरी सरकतो, आणि सरकलेला बर कुठे जाईल याचा नेम नाही. म्हणून आळीतूनच सुटे दोन घेतले, दोन्ही १० मिमी, डबल कट (आडवे-तिडवे बारीक दात), एक गोल टोकाचा सिलिंडर आणि एक झाडाच्या आकाराचा. स्टीलच्या पत्र्याला एवढं पुरतं. ॲल्युमिनियमसाठी रुंद दातांचा सिंगल कट वेगळा लागतो, डबल कटमध्ये ॲल्युमिनियम भरून बसतं.

चालवायला लागल्यावर दोन दिवस हात बसायला गेले. दाबायचं नाही, बर आपोआप कापू द्यायचा, आणि फिरण्याच्या उलट दिशेने ओढायचा, नाहीतर कडेवर चढून पळतो. ठिणगी फारशी नसते पण जो चुरा पडतो तो सुईसारखा. चष्मा पुरत नाही, गॉगल आणि वरून फेस शील्ड पाहिजेच. चुरा उचलायला लोहचुंबक, हाताने अजिबात नाही. सुती सैल हातमोजे घालायचे नाहीत, धागा ओढला की बोटासकट गुंडाळतो. चालू बटण पुढे सरकवून अडकणारं आहे, म्हणजे मशीन हातातून सुटलं तर चालूच राहणार, त्यामुळे प्लगचा बोर्ड हाताशी ठेवतो. आणि ८०० ची पेट्रोलची टाकी मागे खालीच असते, मागची बाजू घ्यायच्या आधी टाकी उतरवून लांब नेऊन ठेवली, त्यात कसलाही शॉर्टकट घेतला नाही.

आर्चचं काम संपलं, फ्लोअरचे टाके साफ झाले, मशीन पंधरा मिनिटं चालवून पाच मिनिटं थांबवतो, अजून कुरकूर नाही. पट्टीच्या आतल्या बाजूला मात्र हात पोचत नाही, तिथे लांब शँकचा बर लागेल, तो आणलाय. काका देताना म्हणाले, "हा हवेत फुल स्पीडवर फिरवायचा नाही हां, दांडी वाकते. आधी पत्र्याला टेकवा, मग हळू चालू करा."