एक दात मागे

गुरुजींचा फोन आला, गाडी गॅरेजला आणू का म्हणून. मी नको म्हटलं. १९९७ सालची मारुती ८००, कार्ब्युरेटरची. बरेच महिने घराशेजारच्या छपरात उभी. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ ठेवणारा दातेरी रबरी पट्टा, शेवटचा कधी बदलला याचं बिल नाही, नीट आठवणही नाही. आणि बेत काय, तर काकूंना घेऊन आंबोली घाटानं सावंतवाडीला लेकीकडं जायचं. म्हटलं, "गुरुजी, गाडी जागेवरनं हलवू नका. मीच येतो."

लोक बेल्टचं वय किलोमीटरवर मोजतात. ते अर्धंच खरं. या बेल्टचं रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, कडक पडतं, दातांच्या मुळाशी चिरतं. म्हणून कंपन्या किलोमीटर आणि वर्षं दोन्ही सांगतात. जे आधी भरेल ते धरायचं. आमच्या गडहिंग्लजच्या गॅरेजमध्ये बेल्ट तुटलेल्या इंडिका डिझेल टो होऊन यायच्या. बेल्ट तुटला की कॅम (व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या झडपा, उघडणारा वरचा दांडा) थांबतो, पिस्टन मात्र थांबत नाहीत. ते उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवण्यावाचून इलाज नाही. सगळ्याच इंजिनांत एवढं नुकसान होतं असं नाही, पण चालती गाडी जागेवर बंद पडते हे सगळ्यांत सारखं. आंबोलीच्या वळणावर, मागं एसटी असताना बंद पडायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आजऱ्याजवळचं त्यांचं गाव. सकाळी चेल्याला घेऊन पोचलो. अंगण मातीचं, म्हणून जॅकखाली आधी जाड फळी घातली, मागच्या चाकांना दगड लावले, गाडी उचलून घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मी हातसुद्धा घालत नाही आणि चेल्यालाही घालू देत नाही. घरी काम करताना लोक हीच गोष्ट टाळतात, घोडी नाही म्हणून विटा रचतात. वीट फुटायला क्षण लागत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह काढली. बेल्टच्या बाजूचं पुढचं चाक काढलं. तिन्ही प्लग काढून ठेवले, म्हणजे इंजिन हातानं फिरवताना कॉम्प्रेशन आड येत नाही. मग फॅनबेल्ट, खालची पुली, आणि शेवटी टायमिंगचं कव्हर.

शेजारचे एक गृहस्थ पाहायला आले होते. बेल्ट बघून म्हणाले, "हा तर नवा कोरा दिसतोय की. कशाला बदलताय?" वरून खरंच चांगला दिसत होता. मी तो बोटानं उलटा दुमडून दातांचं मूळ दाखवलं. बारीक चिरा ओळीनं उघडल्या. एक कड तेलानं काळी झालेली, कारण कॅमचं ऑइल सील पाझरत होतं. तेल लागलं की बेल्टचं रबर फुगतं, मऊ पडतं. सील तसंच ठेवून नवा बेल्ट चढवणं म्हणजे तोही वाया. सील मी बरोबर आणलंच होतं, कॅमचं आणि क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) दोन्ही.

इथपर्यंत रोजचंच काम होतं. बेल्ट उतरवायच्या आधी खुणा जुळवून बघायला मी इंजिन हातानं फिरवलं, पुलीच्या बाजूनं बघत, घड्याळाच्या दिशेनं. या इंजिनात खाली क्रँकच्या दातेरी पुलीवरचा ठिपका ऑइल पंपावरच्या बाणाशी येतो आणि त्याच वेळी वर कॅमच्या पुलीवरची खूण व्ही आकाराच्या खुणेशी. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. म्हणून कॅमची खूण खाली दिसली तर घाबरायचं नाही, क्रँकला आणखी एक फेरा द्यायचा.

फेरा दिला. खालचा ठिपका बाणावर तंतोतंत बसला. वरची खूण व्हीच्या अलीकडेच थांबली.

बेल्ट जुना झाला की थोडा सैल पडतो, खूण केसभर इकडंतिकडं होते. हे केसभर नव्हतं. पुन्हा दोन फेरे दिले, पुन्हा तिथंच. कॅम पूर्ण एक दात मागे होता. चेल्याला म्हटलं, "डिस्ट्रिब्युटर कुठं आहे बघ." त्यानं वाकून बघितलं. प्लगांना ठिणगीचा करंट वाटणारा हा डिस्ट्रिब्युटर त्याच्या खाचेच्या पार टोकाला फिरवून आवळलेला. मग सगळं लक्षात आलं. मागं कुणीतरी बेल्ट एक दात चुकवून बसवला. कॅम मागे पडला, कॅमवरच फिरणारा डिस्ट्रिब्युटरही मागे पडला, गाडी नीट चालेना. त्यानं बेल्ट पुन्हा उघडायच्या ऐवजी डिस्ट्रिब्युटर फिरवून करंट पुढं ओढला आणि गाडी मालकाच्या हवाली केली. करंट वेळेवर आला, व्हॉल्व्ह मात्र उशिराच उघडत-मिटत राहिले.

मी गुरुजींना विचारलं, "गाडी चढाला कशी चालते?"

"चढाला दम लागतो तिला. सेकंडवर घ्यावं लागतं. मिस्त्री म्हणाला होता, गाडी म्हातारी झाली, इंजिन उतरलंय. आम्ही तसंच चालवत आलो."

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. गाडी म्हातारी झालेली नव्हती. प्लग काढलेलेच होते, सगळे सुकलेल्या विटकरी रंगाचे, तेलकट एकही नाही. कॉम्प्रेशन गेज लावून चेल्याला सेल्फ मारायला लावला असता, पण बेल्टची ही अवस्था बघून तो मोह टाळला. इंजिन उतरलंय असं म्हणायला काहीतरी मोजावं लागतं. इथं कुणी काही मोजलेलंच दिसत नव्हतं.

कॅमचा एक दात म्हणजे क्रँकवर साधारण पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो. इनटेक व्हॉल्व्ह तेवढा उशिरा मिटतो. कमी वेगात पिस्टन वर यायला लागला तरी व्हॉल्व्ह उघडाच, त्यामुळे आत घेतलेलं मिश्रण थोडं परत बाहेर ढकललं जातं. वेग चढला की हा तोटा तितका जाणवत नाही, म्हणून सपाट रस्त्यावर गाडी बरी वाटते आणि चढाला मरते. ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरांत आधीच ताकद मोजकी, त्यातली अशी गळाली तर काय उरणार?

गुरुजी थोडा वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे लेझमीच्या रांगेत एक पोरगं एक ठेका मागं."

"अगदी तसंच, गुरुजी."

पण लगेच त्यांना दुसरी काळजी लागली. इतकी वर्षं गाडी याच बसणीवर चालली, आता हलवली आणि बिघडली तर? शेजारच्या गृहस्थांनीही तेच धरलं: जुन्या बेल्टवर नि पुल्यांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा करा, त्याच नव्या बेल्टवर उतरवा, झंझट नको. ही युक्ती बरेच जण वापरतात आणि पहिली बसण बरोबर असेल तर ती चालतेही. इथं ती वापरली असती तर जुनी चूक नव्या बेल्टवर उतरली असती. मी सांगितलं, "कंपनीनं खुणा धातूवर कोरल्यात त्या उगाच नाहीत. मी त्याच धरणार." काकू दारातनं म्हणाल्या, "त्यांना करू दे की त्यांचं काम." विषय संपला.

सीलं बदलली, तेल निपटून पुसलं. टेन्शनरची, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी, पुली हातात घेऊन फिरवली, कानाशी धरली. घरघरत होती, म्हणून तीही नवी. जुना बेल्ट नि नवा बेल्ट शेजारी धरून दात मोजले, रुंदी बघितली. चेला नवा बेल्ट मुरगळून खिशात घालायला निघाला होता, त्याला थांबवलं. रबराच्या आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात. मुरगळला की त्या आतल्या आत तुटतात, बाहेरून काही दिसत नाही.

मग ते काम, जे घाईत सगळे सोडतात. वरचं टॅपेट कव्हर उघडून रॉकरचे (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणाऱ्या आखूड दांड्यांचे) सगळे स्क्रू सैल केले. नाहीतर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलत राहतात, कॅम मोकळा फिरत नाही आणि बेल्टचा ताण खोटा बसतो. यामुळे नंतर फिलर गेज घेऊन टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, पुन्हा सेट करावे लागतात, काम वाढतं, म्हणून कुणी हात लावत नाही.

खुणा जुळवल्या आणि बेल्ट चढवला. क्रँककडून कॅमकडे जाणारी ओढीची बाजू पूर्ण ताठ हवी. जो सैलपणा असेल तो सगळा टेन्शनरच्या बाजूला. माझा अंदाज, मागच्या माणसाचं इथंच चुकलं असणार. ओढीच्या बाजूला ढील राहिली की टेन्शनर सोडल्यावर ती ओढली जाते, क्रँक पुढं सरकतो आणि कॅम एक दात मागं राहतो. बसवताना खुणा जुळलेल्या दिसतात, फिरवल्यावर खरं कळतं. म्हणून टेन्शनरची स्प्रिंग सोडली, क्रँकला हातानं दोन पूर्ण फेरे दिले आणि मगच बोल्ट आवळले.

खाली ठिपका बाणावर. वर खूण व्हीमध्ये. गुरुजींना चष्मा लावून वाकून बघायला लावलं. त्यांनी दोन्हीकडं बघितलं आणि म्हणाले, "आणखी एकदा फिरवा." फिरवलं. पुन्हा जुळलं.

जेवायला घनसाळचा भात आणि आमटी होती. आजऱ्याला येऊन हा भात न खाता जाणं मला जमत नाही. जेवणानंतर टॅपेट सेट केले, डिस्ट्रिब्युटर खाचेच्या टोकावरून मागं आणून बेताचा ठेवला, कव्हरं बसवली, बॅटरी जोडली. सेल्फ मारल्याबरोबर गाडी धरली. ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट लावून करंट खुणेवर आणला. आता डिस्ट्रिब्युटर खाचेच्या मध्याजवळ बसला होता. आयडलिंगला कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा मागं घ्यावा लागला, कारण आधी कमजोरी झाकायला तो वर चढवून ठेवलेला.

गावाबाहेर देवळाकडं जाणारा चढ आहे. गुरुजींनीच गाडी घेतली, मी शेजारी. चढाच्या तोंडाशी त्यांचा हात सवयीनं गिअरवर गेला. म्हटलं, "थांबा, तिसऱ्यावरच राहू दे." गाडी तिसऱ्यावर चढली, धडधड न करता. गुरुजी काही बोलले नाहीत. वर जाऊन गाडी वळवली, खाली उतरले आणि परत तोच चढ तिसऱ्यावर चढवला.

घरी आल्यावर तारीख नि किलोमीटर एका स्टिकरवर लिहून बॉनेटच्या आत लावायला मी पेन काढलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच लिहिलं. फळ्यावरचं अक्षर, ठळक. खाली 'दोन्ही सील, टेन्शनर' हेही लिहिलं. पुढच्या मिस्त्रीला याहून जास्त काय लागतं?

सावंतवाडीला पोचल्यावर त्यांचा फोन आला. घाट सुखरूप झाला, मध्ये फक्त काकूंना धबधबा बघायचा होता म्हणून थांबले. आणि पुढं म्हणाले, "उत्तूरला माझ्या पुतण्याकडं अशीच गाडी आहे. तोही म्हणतो, म्हातारी झाली. कधी येताय?"

मी म्हटलं, "त्याला सांगा, आधी डिस्ट्रिब्युटर खाचेत कुठं बसलाय तेवढं बघून ठेव. टोकाला असेल तर गाडी हलवू नको."