महेश्वरचा मुक्काम

नर्मदा परिक्रमेला सायकलने निघाल्यापासून सतराव्या दिवशी संध्याकाळी महेश्वरला पोहोचलो, तेव्हा मागच्या चाकाचा एक स्पोक तुटलेला होता, डावा गुडघा कुरकुरत होता, आणि मागच्या आठवडाभरात नर्मदा प्रत्यक्ष किती वेळ पाहिली याचा हिशेब मांडला तर तो तासाभराच्या वर जात नव्हता. पायी चालणारे परिक्रमावासी किनाऱ्याकिनाऱ्याने, शेतांच्या बांधांवरून जातात. सायकलवाल्याला डांबरी रस्ता लागतो आणि तो बहुतेक ठिकाणी नदीपासून बराच आत असतो. मैया उजव्या हाताला कुठेतरी आहे एवढ्या भरवशावर दिवसभर ट्रकांचा धूर खायचा आणि याला नर्मदेची परिक्रमा म्हणायचे, हे मला पहिल्या आठवड्यापासूनच खटकत होते. म्हणून महेश्वरला एक पूर्ण दिवस थांबायचे आणि सायकलला हातही लावायचा नाही, असे आधीच ठरवले होते.

सकाळी आधी धुणे उरकले आणि पोहे-जिलेबी खाऊन किल्ल्यात गेलो. अहिल्याबाईंनी 1767 पासून 1795 मध्ये निधन होईपर्यंत ज्या वाड्यातून राज्यकारभार पाहिला, तो आपल्याकडच्या एखाद्या सधन देशमुखाच्या वाड्याहून फारसा मोठा नाही. मध्ये चौक, भोवती लाकडी खांबांचा सोपा, बसायला साधी पांढरी गादी. काशी विश्वेश्वराचे आजचे मंदिर ज्या बाईने 1780 मध्ये उभे केले, तिने स्वतःसाठी एवढ्यावरच भागवले, हे पाहताना चौंडीच्या या लेकीविषयी शाळेत घोकलेले सगळे धडे नव्याने खरे वाटले. मी गेलो तेव्हा लिंगार्चन चालू होते. गुरुजी मांडी घालून बसले होते, पुढ्यात लाकडी पाट, शेजारी ओल्या काळ्या मातीचा गोळा. चिमटीत माती घ्यायची, बोटांनी वळून हरभऱ्याएवढे शिवलिंग पाटावर टेकवायचे आणि नजर न हलवता पुढचे घ्यायचे. अशा शेकडो लिंगांच्या सरळ रांगा पाटावर उमटत होत्या. पूजा झाली की ही सगळी लिंगे नर्मदेत सोडून देतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने वळायला बसतात. अहिल्याबाईंच्या काळापासूनचा हा नेम आहे. राजराजेश्वराच्या मंदिरातले अकरा अखंड तुपाचे दिवेही पाहिले, पण तिथे गर्दीमुळे फार वेळ उभे राहता आले नाही.

घाटाकडे उतरताना विठोजीराव होळकरांची छत्री लागते. जोत्याभोवती हत्तींची रांग कोरलेली आहे आणि कारागिरी उत्तम आहे, तरी पुण्याच्या माणसाला ते हत्ती पाहून चटकन पुढे सरकता येत नाही. याच विठोजींना दुसऱ्या बाजीरावाने 1801 मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी दिले होते. पुढच्याच वर्षी त्यांचे भाऊ यशवंतराव होळकर यांनी हडपसरला पेशव्यांच्या फौजेचा मोड केला, बाजीराव पळाला आणि 1802 च्या अखेरीस इंग्रजांशी वसईचा तह करून बसला. आमच्या शहराची ही गोष्ट आम्ही पेशव्यांच्या बाजूने ऐकतो. तिची दुसरी बाजू इथे दगडात उभी आहे.

घाटावर नाववाल्याने हाक मारली. नदीच्या पात्राच्या मधोमध एका खडकावर बाणेश्वराचे छोटे देऊळ आहे आणि तिथवर नेऊन आणायला नावा सज्ज असतात. मी मान हलवली तेव्हा त्याचे लक्ष माझ्या गळ्यातल्या नर्मदाजलाच्या कुपीकडे गेले. “परकम्मावासी हो बाबाजी? फिर तो नहीं जाना. नर्मदे हर.” असे म्हणून त्याने स्वतःच नाव मागे घेतली. सायकलची तंग अर्धी चड्डी घातलेल्या माणसाला बाबाजी म्हणताना त्याला जराही हसू आले नाही. परिक्रमेत नदीची धार ओलांडायची नसते, समुद्राशी संगमावर होडीने पैलतीर गाठायचा तेवढाच काय तो अपवाद. त्यामुळे बाणेश्वर शंभर-दोनशे हातांवर दिसत असूनही मला तो दिसण्यापुरताच होता. समोरच्या दक्षिण तीरावरची नावडातोलीही तशीच. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952-53 मध्ये महेश्वर आणि नावडातोली इथे उत्खनन केले आणि पलीकडच्या त्या टेकाडात ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची घरे आणि रंगीत नक्षीची मडकी सापडली. दक्षिण तीरावरून समुद्राकडे जाताना मी तिथून फार लांबून गेलो नव्हतो, पण त्या दिवशी ठरलेले अंतर गाठायच्या नादात ते लक्षातच राहिले नाही. आता समोर दिसत होते आणि जाता येत नव्हते. पायऱ्यांवर बसून दीड तास मी फक्त ते पात्र पाहत होतो.

दुपारी विणकरांच्या गल्लीत गेलो. महेश्वरी साडीचा ताणा बहुधा रेशमी आणि बाणा सुती असतो, म्हणून ती अंगावर हलकी बसते. काठांवरच्या चटाई, लहर, वीट या नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरून उचललेल्या आहेत, असे इथला प्रत्येक विणकर सांगतो. एका घराच्या ओसरीवर आजीबाई कांड्या भरत होत्या. त्यांचा चरखा म्हणजे जुन्या सायकलचे चाक होते. टायर काढलेली रिम, तिच्यावरून चातीकडे गेलेली दोरी, आणि आजीबाई एका हाताने चाक फिरवत दुसऱ्या हाताच्या बोटांतून सूत सोडत होत्या. मी सवयीने स्पोक मोजले तर तीन कमी होते. माझा एकच तुटला आहे आणि गावात त्या मापाचा मिळत नाही, अशी तक्रार मी केली, तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग आपल्या चाकाकडे पाहिले आणि विचारले, “चलता तो है ना?” आत माग चालू होता. विणकराचे पाय पावड्यांवर आळीपाळीने दाबत होते, धोटा इकडून तिकडे जात होता आणि काठ बोटभर पुढे सरकायला किती वेळ लागतो हे मी घड्याळ लावून पाहिले. नंतर घड्याळ पाहिल्याची लाज वाटली.

संध्याकाळी आरती झाल्यावर बाणेश्वराच्या देवळात कोणीतरी दिवा लावला. सायकलला हात लावायचा नाही हा नेम मी तेवढ्यात मोडला आणि धर्मशाळेच्या अंगणात जुन्या टूथब्रशने चेन घासून तेल घातले, तुटलेल्या स्पोकच्या शेजारचे दोन थोडे सैल करून चाकाचा डगडगाट शक्य तितका काढला. सकाळी मंडलेश्वरच्या रस्त्याला लागायचे होते. तिथे स्पोक मिळाला तर पाहू, नाहीतर आजीबाईंच्या हिशेबाने माझ्याकडे अजून दोन शिल्लक होते.