शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आणि ‘दुसऱ्या’तला र

सोलापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला मार्गदर्शक म्हणून काम करताना हजेरी प्रणाली, ग्रंथालय व्यवस्थापन आणि चादरींच्या दुकानाचे संकेतस्थळ हे तीन विषय माझ्यासमोर इतक्या वेळा आले आहेत की, आता केवळ मुखपृष्ठ पाहून आतला मजकूर सांगता येतो. व्हायवा झाली की काळ्या बांधणीचा अहवाल कपाटात जातो आणि प्रोग्राम कोणाच्या तरी लॅपटॉपवर पडून राहतो. म्हणून गेल्या वर्षी चौघांच्या एका गटाला मी लिब्रेऑफिस या पत्रे, तक्ते वगैरे तयार करण्याच्या मोफत प्रोग्राम-संचासाठी काम करण्यास सुचवले. २०१० साली ओपनऑफिसमधून वेगळा झालेला हा मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणीही पाहू आणि बदलू शकतो असा, प्रकल्प नवख्यांसाठी ‘ईझी हॅक्स’ नावाने सोपी कामे वेगळी काढून ठेवतो. दुरुस्ती गेरिट या कोड तपासणीच्या संकेतस्थळावर पाठवली की अनुभवी मंडळी ती तपासतात. भाषांतराचे काम वेबलेट या संकेतस्थळावर चालते.

दोघांनी कोड घेतला, दोघींनी मराठी भाषांतर. कोडवाल्यांची पहिली बांधणी (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणे) प्रयोगशाळेतल्या संगणकावर रात्रभर चालली, यापलीकडे सुरुवातीच्या महिन्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही.

खरी गंमत भाषांतरात झाली. दोघींचे काम एकत्र केल्यावर ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला तर निम्म्याच ठिकाणी सापडे, आणि पडद्यावर तर सगळे शब्द एकसारखेच दिसत होते. एक जण इन्स्क्रिप्ट या कळफलक-रचनेवर टंकत होती, जिथे नुक्त्याच्या ‘ऱ’ला स्वतःची कळ आहे, दुसरीच्या कळफलकावरून साधा ‘र’, हलंत आणि न दिसणारा जोडक असे तीन वर्ण मिळून तोच अर्धा र उमटत होता. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, या दोन्ही रीतींना मान्यता आहे, परंतु संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द ठरतात. ‘सूर्या’ आणि ‘सुऱ्या’ यांतला फरक आपण शाळेत शिकतो. एकाच ‘सुऱ्या’चे दोन प्रकार असू शकतात, हे मलाही तेव्हाच कळले. दोघींनी एक रीत ठरवली, सगळे जुने शब्द तपासले आणि त्यांची यादी केली.

कोडच्या बाजूला वेगळाच धडा होता. अकरा ओळींची दुरुस्ती लिब्रेऑफिसच्या परीक्षकाने तीनदा परत पाठवली. एकदा तर केवळ बदलाचे वर्णन नीट लिहिलेले नाही म्हणून. ‘‘सर, त्यांना माझं काम आवडलं नाही का?’’ असे एकाने विचारले. आपल्याकडे चूक दाखवणे म्हणजे पाणउतारा अशी समजूत असल्यामुळे, अनोळखी माणसाने आपले लिखाण इतक्या बारकाईने वाचणे हा सन्मान आहे, हे त्याला पटायला वेळ लागला.

अडचण होती ती वेळापत्रकाची. लिब्रेऑफिसच्या मोठ्या आवृत्त्या साधारणपणे फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येतात आणि त्याआधी काही आठवडे नव्या सुविधा घेणे थांबते. आमचे सत्र मात्र परीक्षांच्या तारखांवर चालते आणि जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मुले हाताला लागत नाहीत. मूल्यमापनाच्या वेळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ‘नवीन मॉड्यूल किती?’ एवढेच विचारले, आणि अकरा ओळींना गुण कसे द्यावेत हे त्यांना सुचेना.

अर्थात, दोष एकाच बाजूला नाही. मुक्त स्रोत प्रकल्पांना बदल पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या उपक्रमात २०२० साली टी-शर्टसाठी निरर्थक बदलांचा इतका पूर आला की, आयोजकांना महिना संपण्यापूर्वीच नियम बदलून केवळ स्वेच्छेने सामील झालेले प्रकल्प मोजावे लागले. गुणांसाठी येणारा आणि सबमिशननंतर नाहीसा होणारा गट त्याहून फार वेगळा नसतो. त्याला शिकवण्यात स्वयंसेवकांच्या संध्याकाळी खर्च होतात.

म्हणून यंदा नवा गट मी जुलैमध्येच, तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना सोबत घेऊन बसवला. पहिल्या दिवशी गेल्या वर्षीची एक विद्यार्थिनी शब्दांची यादी घेऊन आली होती आणि तिने सर्वांना आधी ‘दुसऱ्या’ टंकायला लावले.