खऱ्या-खोट्या पिना : तिसऱ्या महिन्याची नोंद

शुक्रवारी रात्री वर्गवारी संपली. एकूण पिना 112, म्हणजे डिस्नेच्या चित्रांचे, धातूचे छोटे बिल्ले. त्यातल्या 61 नक्की खऱ्या, 38 नक्की खोट्या, आणि 13 अजून ‘बघू’च्या डबीत. गेल्या महिन्यात ‘बघू’त 29 होत्या, म्हणजे 16 पिनांचा निकाल लागला. एवढ्यासाठी चार शनिवार गेले, पण हात बसला. आता पीन हातात घेतली की बोट आपोआप मागच्या बाजूला जातं.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं सांगते. आम्ही कॅलिफोर्नियात, अ‍ॅनाहाइमच्या डिस्नीलँडपासून वीसेक मिनिटांवर राहतो. पिनांची अदलाबदल 1999 च्या ऑक्टोबरात फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये, सहस्रकाच्या सोहळ्यात सुरू झाली आणि मग इकडे आली. पार्कातल्या कर्मचाऱ्यांच्या गळ्यातल्या पट्ट्यावर किंवा दुकानातल्या बोर्डावर पिना लावलेल्या असतात. आपली एक द्यायची, त्यांची एक घ्यायची. पैशाचा संबंध नाही. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला याचं वेड लागलं, तेव्हा मी ऑनलाइन 50 पिनांचा एक गठ्ठा घेतला, 35 डॉलरला. पार्कात साधी एक पीन दहा डॉलरच्या पुढे मिळते. हे गणित मी तेव्हाच मांडायला हवं होतं. त्या 50 पैकी 34 आज खोट्यांच्या पिशवीत आहेत.

या खोट्या पिनांना इथे सगळे ‘स्क्रॅपर’ म्हणतात. त्यातही दोन जाती आहेत आणि हा फरक समजल्यावरच माझं काम पुढे सरकलं. एक जात मूळ साच्यातलीच असते: कारखान्यात तपासणीत नापास झालेली, किंवा ऑर्डर संपल्यावर तोच साचा वापरून गुपचूप काढलेली. दुसरी जात खऱ्या पिनेवरून नवा साचा पाडून केलेली. दुसरी पकडायला सोपी, कारण साच्यावरून साचा काढला की रेषांची धार बोथट होते, पापण्या जाड होतात, मिशा एकमेकींना चिकटतात. पहिलीत रेषा बरोबर असतात, चुकतो तो रंग नाहीतर पॉलिश. म्हणून ‘रेषा स्वच्छ आहेत, म्हणजे खरी’ असं कुणी सांगितलं तर तेवढ्यावर जाऊ नका.

आता माझ्याकडच्या दोन स्टिचबद्दल, म्हणजे डिस्नेच्या कार्टूनमधल्या त्या निळ्या प्राण्याच्या दोन पिनांबद्दल. या महिन्यात मी सर्वांत जास्त वेळ याच दोघांसोबत घालवला. चित्र एकच, माप एकच. एक पार्कातल्या दुकानातून बंद पाकिटातली, दुसरी गठ्ठ्यातली. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन दोन्ही शेजारी शेजारी पांढऱ्या कागदावर ठेवल्या. नुसत्या डोळ्यांना गठ्ठ्यातल्या स्टिचचा निळा जरा फिका वाटत होता, एवढंच. भिंगातून वेगळंच दिसलं. डाव्या कानाच्या टोकाला मीना, म्हणजे धातूत भरलेला रंग, धातूच्या कडेपर्यंत पोचलाच नव्हता, केसाएवढी फट होती आणि तिच्यातून पिवळट धातू दिसत होता. नाकावर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा. काळी रेघ दाताजवळ पांढऱ्यात ओघळलेली. या दोन्ही डिस्नेच्या हिडन मिकी मालिकेतल्या. त्या मालिकेच्या पिनेवर पुढच्या बाजूला कुठेतरी मिकीच्या डोक्याची छोटी चंदेरी आकृती असते. खरीवर तिचे तिन्ही गोल सुटे आणि लखलखीत होते. खोटीवर दोन्ही कान डोक्यात विरघळल्यासारखे दिसत होते, त्याचा एक ठिपकाच झाला होता.

मग दोन्ही उलट्या केल्या. मागे मिकीच्या छोट्या डोक्यांची जाळी असते. खऱ्या स्टिचवर ती जाळी सरळ कडेपर्यंत गेली होती, कडेला डोकी अर्धीमुर्धी कापली गेली होती, जसं छापील कापड कुठेही कापलं की फुलं अर्धी राहतात. खोटीवर मात्र सगळीकडून एक सपाट काठ फिरला होता आणि जाळी त्या काठाच्या आत अडकलेली. पिनेच्या दांडीच्या बुडाशी दोन बारीक उंचवटे असतात, पीन कापडावर गरगर फिरू नये म्हणून. खोटीवर त्यातला एक जेमतेम वर आलेला होता. अक्षरांचं तसंच: ‘डिस्ने’मधली अक्षरं पोटातून भरलेली, कॉपीराइटच्या वर्तुळातला ‘सी’ तर ओळखूच येईना.

आई सध्या नाशिकहून आली आहे. मी हे करत बसले होते तेव्हा तिने दोन्ही पिना हातात घेतल्या, पुढून बघितल्याच नाहीत, थेट उलटवल्या. म्हणाली, “येवल्याला पैठणी घेताना हेच करतो की आपण. हातमागाची असली तर मागूनही तशीच दिसते. यंत्राची असली की मागे दोरे लोंबतात.” आणि काठवाली पीन बाजूला काढून दिली. तिला डिस्नेचं काही माहीत नाही. पण माल उलटून बघायची सवय आहे, आणि या छंदात तीच सर्वांत आधी लागते.

मात्र त्या काठाच्या खुणेवर आंधळा विश्वास ठेवू नका, हे मी ठासून सांगते. सुरुवातीच्या वर्षांतल्या पिनांवर ही जाळी नसतेच. त्यांच्या मागची बाजू साधी किंवा खरखरीत असते. मी माझ्या अशा तीन पिना पहिल्या महिन्यात खोट्यांच्या पिशवीत टाकल्या होत्या, आता परत काढल्या. उलट खोट्या बनवणारेही शिकतात, हल्ली त्यांची जाळीही कडेपर्यंत येते. मागे ‘लिमिटेड एडिशन’ आणि आकडा कोरलेला असला म्हणजे पीन मर्यादितच काढली असेल असंही नाही. तो मजकूर साच्यात असतो, साच्याबरोबर त्याचीही नक्कल होते. मागचं मिकीच्या आकाराचं काळं रबर तर कुठेही शेकड्याने मिळतं, त्यावरून काही म्हणजे काही ठरत नाही.

चुंबकाची परीक्षा मी सोडली. पिना लोखंडाच्या असतात, पितळेच्या असतात, जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. माझ्या खात्रीच्या पिनांतल्या काही चिकटल्या, काही नाही. वजन मात्र उपयोगी पडतं, पण तीच पीन शेजारी असेल तरच. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घेतला आहे. खरी स्टिच 9.6 ग्रॅम, खोटी 7.9. वेगळ्या चित्रांच्या दोन पिनांची वजनं एकमेकींशी ताडून काहीच हाती लागत नाही.

मीन्याबद्दलही एक गोष्ट. रंग धातूच्या रेषेपेक्षा खाली बसलाय म्हणून पीन खोटी ठरवू नका. कडक मीन्याच्या पिनेत रंग भरून, भाजून, घासून रेषांशी सपाट केलेला असतो. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. मऊ मीन्याच्या पिनेत रंग खोलगट राहतो आणि रेषा बोटाला लागतात. दोन्ही प्रकार अस्सल असतात. बघायचं ते एवढंच, की खोलगटपणा सगळीकडे सारखा आहे, की एका कोपऱ्यात रंग साचलाय आणि दुसऱ्यात कमी पडलाय.

खोट्या 38 पिनांचं काय करायचं, यावर घरात बरंच बोलणं झालं. बोर्डावर त्या सहज खपतात. धातूची आणि मागे डिस्नेची खूण असलेली पीन दिली, तर कर्मचारी सहसा नाही म्हणत नाहीत. त्यामुळेच बोर्डांवर त्यांची एवढी गर्दी झाली आहे. माझ्या 38 पैकी उरलेल्या चार तिथूनच आल्या. मुलीने विचारलं, “आपण दिली तर ती दुसऱ्या कुठल्यातरी मुलीला मिळणार ना?” हो, तसंच होणार. म्हणून त्या 38 पिना पार्कात परत जाणार नाहीत. काहींची मागची बाजू घासून त्यावर नेलपॉलिशने मोठी फुली मारली आहे, त्या आता शिकायचे नमुने आहेत. नवशिक्यांना भेटले की दाखवते. बाकीच्यांवरही फुली होईल, वेळ लागतोय.

काल, रविवारी, आम्ही तिघी पार्कात गेलो. तिथल्या फ्रंटियरलँड या भागातल्या पिनांच्या दुकानासमोर एका कर्मचारी बाईंच्या पट्ट्यावर फिगारो, ‘पिनोकियो’तलं मांजर, होता. मुलीने विचारलं, “मागून दाखवता का?” त्यांनी हसून पीन उलटी केली. सपाट काठ, एक उंचवटा गायब. मुलीने “थँक्यू” म्हणून त्याच पट्ट्यावरची दुसरी मागितली, तीही उलटवून घेतली आणि मग आपली काढून दिली. एका माणसाकडून दिवसाला दोनच बदलता येतात, त्यामुळे ती आता घाई करत नाही.

दुकानातून एक बंद डबी घेतली, आत कुठल्या पिना आहेत ते उघडल्यावरच कळतं. घरी येऊन उघडली तर त्यातली एक नेमकी आमच्या ‘बघू’च्या डबीत आहे तशीच चिप, म्हणजे डिस्नेच्या चिप आणि डेल या खारींच्या जोडीतली. ‘बघू’तली मार्चमध्ये बोर्डावरून आलेली, मला तिच्या रंगावरून संशय होता, आईला नव्हता. रात्री साडेनऊला दोन्ही भिंगाखाली ठेवल्या. जाळी सारखीच कापलेली, दोन्ही उंचवटे जागेवर, ‘सी’ स्पष्ट, वजन 8.3 आणि 8.4. रंगही तोच, दुकानाच्या बंद डबीतलीसुद्धा तितकीच फिकट.

‘बघू’त आता 12.