तुम्ही विचारलंत म्हणून: स्वयंपाकाची पदवी घेऊन पुढे काय?

मी नाशिकमध्ये कलिनरीच्या, म्हणजे स्वयंपाकाच्या पदवीच्या मुलांना शिकवते. बारावीचा निकाल लागला की पालक भेटायला येतात आणि जरा घुटमळत विचारतात, ‘मॅडम, स्वयंपाक काय, घरी आईसुद्धा शिकवेल. त्यासाठी तीन-चार वर्षं आणि एवढी फी कशाला? आणि शेवटी हॉटेलातच ना?’

प्रश्न रास्त आहे. घरातले पैसे लागणार असतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हाताची चव आम्ही देऊ शकत नाही. आम्ही शिकवतो तो हिशेब. सुरुवातीलाच मुलांना कांदा सोलायला बसवते. 10 किलो कांदा. सालं, देठ, मुळं काढून पुन्हा काट्यावर ठेवायचा. समजा साडेआठ किलो भरला, तर 20 रुपये किलोने आणलेला कांदा आता साडेतेवीसला पडला. लासलगावचा भाव घरात रोज ऐकणारी शेतकऱ्यांची पोरंही इथे थबकतात. 500 पानांची ऑर्डर घेताना 20चाच भाव धरला, तर चूल पेटायच्या आधीच तोटा झालेला असतो.

तसाच भात. उरलेला भात मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला की मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधे त्यांना वाढायला रान मोकळं मिळतं, आणि उलट्या करवणारं त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात उथळ ट्रेमध्ये पसरून लवकर थंड करायचा आणि फ्रीजमध्ये ठेवायचा. लग्नाच्या जेवणातून विषबाधेची बातमी वाचली की मला काळजीच वाटते, की त्या भटारखान्यात हे सांगणारं कुणी होतं का.

हॉटेल मॅनेजमेंट आणि कलिनरी यांत मात्र गल्लत करू नका. पहिल्यात फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, सर्व्हिस, किचन असं सगळं येतं. 1954पासून चालू असलेली दादरची संस्था त्यातली जुनी. कलिनरीत मुख्य भर किचन आणि बेकरीवर. केंद्राच्या इंडियन कलिनरी इन्स्टिट्यूट तिरुपती आणि नोएडाला आहेत.

आता नोकरीचं. हॉटेलात पोरगं कॉमी, म्हणजे किचनमधला सगळ्यात कनिष्ठ स्वयंपाकी म्हणून लागतं, मग एकेक पायरी वर: डेमी शेफ, सीडीपी म्हणजे किचनच्या एका विभागाचा प्रमुख, आणि मग सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालचा. पहिली वर्षं खडतर असतात. पगार बेताचा, ब्रेक शिफ्ट म्हणजे मधे काही तास सोडून दिवसातून दोनदा ड्युटी, आणि दिवाळीला सगळे घरी असताना आपण उभे. हे पालकांना आधीच सांगते.

पण हॉटेलातच जायला हवं असं कुठे आहे? सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे बघा. 250हून जास्त कामगार असतील तिथे कँटीनची तरतूद 1948च्या कारखाना कायद्यातच होती. शेकडो ताटं, ठरलेल्या खर्चात, रोज वेळेवर, हे काम कांद्याचा हिशेब येणाऱ्याचंच आहे. पिंपळगावचा टोमॅटो, दिंडोरीची द्राक्षं यांवर प्रक्रिया करणाऱ्यांना नवीन सॉस, नवीन मसाला बेतणारी माणसं लागतात. नाशिक व्हॅली वाइनला 2010मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वायनरीत आलेला पाहुणा जेवणारही असतो. शिवाय दवाखाने, विमानातलं जेवण, क्रूझ, स्वतःची बेकरी. माझ्या मते आपल्या जिल्ह्यात या पदवीला सगळ्यात जास्त वाव अन्नप्रक्रियेत आहे, आणि मुलं नेमकी तिकडेच बघत नाहीत.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत नंतर बघा. आधी विचारा, आठवड्याला प्रत्यक्ष किचनमध्ये किती तास? एका शेगडीवर किती मुलं? इंडस्ट्रियल ट्रेनिंगला कुठे पाठवता? आणि फी भरण्याआधी लग्नसराईत मुलाला किंवा मुलीला थोडे दिवस ओळखीच्या केटररकडे पाठवा. नाही कुणी म्हणणार नाही. त्या दिवसांत त्यांना हात कमीच पडत असतात.