पदराच्या घड्या

मागच्या वर्षी हरतालिकेचं जागरण करून पहाटे चारच्या सुमारास मी जरा आडवी झाले आणि नंतर डोळे उघडले तेव्हा शेजाऱ्यांच्या गाडीत मागच्या सीटवर होते, डोकं लेकीच्या मांडीवर, तोंडात रक्ताची चव, साडी ओली झालेली आणि मुठीत कुणीतरी कोंबलेला किल्ल्यांचा जुडगा. मधलं काहीच आठवत नाही, आजही नाही. माझ्याच अंगाला काय झालं ते मला बाकीच्यांनी सांगितलं तेवढंच माहिती आहे, आणि आज लिहायला बसलेय ते त्यासाठीच.

वय ४७. बीपी नाही, शुगर नाही, माहेरी-सासरी कुणाला फिटचा त्रास नाही. कराडला एका पतसंस्थेत २१ वर्षं कॅश काउंटरला होते.

दवाखान्यात शुगर तपासली, ईसीजी काढला, डोक्याचा सीटी केला. निर्जळी उपवास, त्यात जागरण, त्यात पाळी जायचं वय, साखर कमी होऊन चक्कर आली असणार, टेन्शन घेऊ नका असं सांगून एक सलाईन लावलं आणि संध्याकाळी घरी सोडलं. घरी गणपती बसायचे होते त्यामुळे आम्हीही सुटलो म्हणून आलो. खूप नंतर फाईल नीट बघितली तेव्हा दिसलं की त्या पहाटेची शुगर ९४ होती, म्हणजे कमी नव्हतीच. जीभ एका कडेनं चावली गेली होती, चार दिवस तिखट तोंडात घालता येत नव्हतं, दंड आणि पिंढऱ्या तर कुणी बडवून काढल्यासारख्या दुखत होत्या. नुसती चक्कर येऊन पडलेल्या माणसाचं अंग असं दुखत नाही, पण जिभेबद्दल कुणी विचारलं नाही आणि सांगायला हवं हे आम्हाला कळलं नाही.

किल्ल्या शेजारच्या काकूंनी दिल्या होत्या. कांदाही त्यांनीच फोडून नाकाला लावला. त्यांच्यावर माझा अजिबात राग नाही, समोर माणूस तडफडताना नुसतं बघत बसवत नाही कुणाला. नणंदेनं कुलदैवताचं काहीतरी राहिलंय म्हणून सांगितलं, तेही करून आलो. सासूबाई मात्र एवढंच म्हणाल्या, "देवाचं करा, पण डॉक्टरही दुसरा बघा." त्यांचं तेव्हाच ऐकायला हवं होतं.

कारण खरं सांगायचं तर सुरुवात हरतालिकेला झालीच नव्हती. त्याच्या आधी पाच-सहा महिने मला मधूनच काहीतरी करपल्याचा वास यायचा. गॅस बघून यायचे, बंद असायचा. ऑफिसात यायचा तिथे कुठला गॅस. मग पोटातून काहीतरी वर घशाकडे सरकल्यासारखं व्हायचं, आणि आत्ता जे चाललंय ते अगदी असंच आधी कधीतरी घडून गेलंय असं वाटायचं, समोरचा माणूस आता काय बोलणार तेही ठाऊक असल्यासारखं. मिनिटभरात सगळं गायब. त्यासाठी ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या, मग एका डॉक्टरांनी मन शांत राहायची गोळी दिली तीही खाल्ली. "आधी घडून गेलंय" हे कुणालाच सांगितलं नाही, वेडी म्हणतील म्हणून. नवऱ्यालासुद्धा नाही.

दिवाळीच्या आधी ऑफिसात एक दिवस आमच्या शिपाई मामांनी मला बाजूला घेतलं. ते कमी बोलतात, त्यात माझ्याशी तर फारच अदबीनं. म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण मी चार-पाच महिने बघतोय, तुम्ही मधूनच पदराच्या घड्या घालायला लागता. डाव्या हातानं, सारख्या. ओठ चघळल्यागत हलतात, आणि तेवढा वेळ हाक मारली तरी तुम्ही नसताच." मी म्हणलं असं काही होत नाही. त्यावर त्यांनी माझ्या काउंटरवर बोट दाखवलं. पाचशेच्या नोटांचं बंडल अर्धं मोजून उलटं ठेवलेलं होतं आणि ते मी कधी ठेवलं मला माहिती नव्हतं. माझ्या साडीचा पदर कडेला बोटभर रुंदीच्या चुण्या पडून चुरगळलेला होता. मी त्या चुण्यांकडे बघतच राहिले. २१ वर्षांत कॅशला एकदा फरक आलेला नाही माझ्या, आणि इथे मी स्वतःच मधून मधून गायब होत होते.

मामांच्या धाकट्या भावाला फिट यायच्या, म्हणून त्यांना ओळखू आलं. इतके दिवस का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाले, बाईमाणसाला कसं सांगायचं.

त्याच आठवड्यात घरी दुसरी मोठी फिट आली. या वेळी लेक घरी होती आणि तिनं कुठेतरी वाचून ठेवलं होतं. तिनं मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी सरकवली, सासूबाई चमचा घेऊन आल्या तर तोंडात काही घालू दिलं नाही, घड्याळ बघितलं आणि मोबाईलवर व्हिडिओ घेतला. एक मिनिट पन्नास सेकंद. पाच मिनिटांवर गेली असती तर लगेच गाडी काढायची हेही तिला माहिती होतं. नातेवाईक तिला बोलले, आई तशी पडलीय आणि ही शूटिंग करते. तिच्या बाजूनं मी आज इथे सगळ्यांसमोर सांगते, त्या व्हिडिओनं माझं निदान झालं.

पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी पहिला प्रश्न मला विचारलाच नाही, "बघितलं कुणी?" असं विचारलं. व्हिडिओ तीनदा बघितला. मान उजवीकडे वळतेय, उजवा हात आधी ताठ होतोय, म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूला शोधायला पाहिजे. करपल्याचा वास आणि पदराच्या घड्या ऐकल्यावर म्हणाले त्याही छोट्या फिटच आहेत, कानशिलामागच्या भागातून निघणाऱ्या. मी तिथेच रडले. घाबरून नाही. मी वेडी नव्हते म्हणून.

पहिला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, नॉर्मल आला. ते म्हणाले अर्ध्या तासात मेंदूनं काही दाखवलं नाही एवढाच त्याचा अर्थ, फिट नाहीत असा नाही. मग रात्री जागवून दुसरा केला, त्यात डाव्या बाजूला गडबड दिसली. एमआरआयमध्ये तिथेच एक छोटा ठिपका आणि भोवती थोडी सूज. आणि मग त्यांनी आमचा जुना सीटी मागवून घेतला तर ठिपका त्यातही होता, रिपोर्टच्या तळाशी "कॅल्सिफिकेशन" एवढा शब्द छापलेला, आम्हाला कुणी वाचून दाखवला नव्हता. यावर माझा राग आहे आणि तो जात नाही.

तो ठिपका म्हणजे टेपवर्मची, शाळेच्या पुस्तकात पट्टकृमी म्हणायचे त्याची, मरून चुना झालेली अळी. आमचं माळकरी घर, मांस माहिती नाही, मला पटेचना. तर डुकराचं अर्धकच्चं मांस खाल्लं तर पोटात जंत होतो, पण मेंदूत अळी जाते ती त्या जंताच्या अंड्यांमुळे, आणि अंडी येतात ज्याच्या पोटात जंत आहे त्याच्या न धुतलेल्या हातावरून, मैल्याच्या पाण्यावर वाढलेल्या कच्च्या भाजीवरून. म्हणजे कोथिंबीर, मुळा, काकडीसुद्धा. कधी गेली असेल सांगता येत नाही, वर्षानुवर्षं गप्प राहू शकते. अळी मेलेलीच आहे त्यामुळे जंताचं औषध द्यायची गरज नाही, फक्त फिटची गोळी. बहुतेक हेच कारण, असं डॉक्टर म्हणाले. "बहुतेक" या शब्दावर मी बरेच दिवस अडले होते.

लेव्हेटिरासिटॅम नावाची फिटची गोळी सुरू केली. फिट कमी झाल्या पण मी घरात सगळ्यांवर खेकसायला लागले, भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं एकदा. हेही मला कळलं नाही, ह्यांनी डॉक्टरांना सांगितलं. गोळीचा तो परिणाम काही जणांना होतो. मग हळूहळू बदलून दुसरी दिली. मनानं बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही, उपवासालाही पाण्याबरोबर घ्यायचीच. जागरण बंद. स्कूटी बंद, लायसन्सच्या अर्जातच फिटबद्दल सरळ प्रश्न असतो, आणि समोरून कुणाचं लेकरू आलं तर, या विचारानं मीच चावी दिली. बाथरूमची कडी आतून लावत नाही. याची सवय व्हायला फार वेळ लागला, गाडी सोडण्यापेक्षा जास्त.

लेकीच्या लग्नाचं कसं होणार हे विचारणारे भेटलेच. माझा ठिपका तिच्या रक्तात जाणार नाही. आणि फिट हे लग्नाला आडवं येणारं कारण हिंदू विवाह कायद्यातून १९९९ साली काढून टाकलंय, हे मी आता तोंडावर सांगते. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी फिट येणाऱ्या माणसांसाठी सुरू केलेला संवेदना नावाचा गट आहे, त्या स्वतः या आजारातून गेलेल्या. अशा माणसांचं काम आहे हे नुसतं कळलं तरी मला किती धीर आला. डॉक्टर म्हणाले, नीट औषध घेतलं तर १० पैकी ७ जणांच्या फिट थांबू शकतात. मी त्या सातात आहे का ते अजून ठरायचंय.

ऑफिसात मी सगळ्यांना एकदम सांगून टाकलं. साहेबांनी मला कॅशवरून कर्ज विभागात बसवलं, त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मामांचं टेबल आता माझ्या समोर आहे. मी पदराला हात लावला की ते घड्याळ बघतात, संपेपर्यंत जवळ उभे राहतात, मी परत आले की हळूच म्हणतात, "बाई, चाळीस सेकंद." मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीनं छोटी फुली. दर तीन महिन्यांनी ती पानं मी पुण्याला घेऊन जाते. मार्चमध्ये पाच फुल्या होत्या, एप्रिलमध्ये दोन. मेमध्ये मामा सुट्टीवर गावाला गेले होते, जाताना पेन्सिल माझ्या शेजारच्या मुलीकडे देऊन तिला दोनदा समजावून गेले, डावा हात बघायचा.